आमची वाटचाल: आधी वाजवायची, मग विकायची

आमच्या दुकानात कुठलीही रेकॉर्ड वाजवून दाखवल्याशिवाय विकली जात नाही. पुण्यातल्या पेठेतला एक छोटा गाळा, दोन टर्नटेबल, भिंतीला फळ्या आणि बसायला एक बाकडं एवढंच आमचं भांडवल. त्या बाकड्यावर बसून लोकांनी कधी नावही न ऐकलेले बँड ऐकले आणि त्यातून आमचा धंदा उभा राहिला.

मी आणि माझ्या मावसभावाने सुरुवात केली ती जुन्या बाजारातून. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो, तिथे रेकॉर्डचे गठ्ठेच्या गठ्ठे मिळायचे. अधूनमधून मुंबईच्या चोर बाजारात चक्कर असायची. गठ्ठ्यात हिंदी सिनेमा, भावगीतं, नाट्यपदं आणि मधूनच एखादी परदेशी एलपी. बोटीवर नोकरी केलेल्या कुणाच्या तरी घरातून ती बाहेर पडलेली असायची. बीटल्स, अब्बा, बोनी एम हातोहात जायचे. ज्यांचं नाव कुणालाच माहीत नाही, त्या मागे उरायच्या. दुकान बंद झाल्यावर आम्ही त्याच लावत बसायचो. त्या रात्रींनी आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली. बँड मागे पडतो तो बहुतेक वेळा गाणं कमी पडलं म्हणून नव्हे. प्रती थोड्या निघाल्या, कंपनीने हात आखडला, रेडिओवर कुणी लावलं नाही, म्हणून मागे पडतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे डेट्रॉइटचा ‘डेथ’. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तिघे सख्खे भाऊ. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या शहरातली कृष्णवर्णीय मुलं म्हणजे सोल, म्हणजे तिथलं भावभरलं कृष्णवर्णीय संगीत, तेच गाणार, अशी सगळ्यांची अपेक्षा. यांनी वाजवलं ते सुसाट रॉक, असल्या वेगवान, आडदांड रॉकला पंक म्हणायला लागण्याच्या आधी. १९७५ साली त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. रेकॉर्ड कंपनीचे बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांना संगीत आवडलं, पण नाव बदला म्हणाले. डेव्हिडने ठाम नकार दिला. शेवटी १९७६ मध्ये भावांनी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीतून, एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या आणि विषय तिथेच थांबला. डेव्हिड २००० साली गेला. ती गाणी अल्बम म्हणून ड्रॅग सिटी या लेबलने २००९ मध्ये बाहेर काढली. ही रेकॉर्ड मी दुकानात लावतो तेव्हा गोष्ट आधी सांगत नाही. आधी ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’ पूर्ण वाजू देतो. गिऱ्हाईक कव्हर उलटून साल बघतं, मग बोलणं सुरू होतं.

अनोळखी संगीत विकायची आमची रीत सोपी आहे. माणसाला जे आवडतं, तिथून एकच पायरी पुढे न्यायचं. कुणी लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक बँडची रेकॉर्ड मागायला आलं, तर त्यांच्या १९७७ च्या पहिल्या अल्बममधलं ‘पोलीस अँड थीव्ज’ लावायचं. त्यानंतर लगेच ज्युनियर मर्विनचं मूळ गाणं, जमैकाच्या रेगे संगीतातलं, निर्माता ली पेरीने किंग्स्टनच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत १९७६ साली केलेलं. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डीजे डॉन लेट्स हेच करायचा. पंकच्या रेकॉर्डच तेव्हा फारशा निघाल्या नव्हत्या, म्हणून बँडच्या मधल्या वेळात तो रेगे आणि डब, म्हणजे मिक्सरवर मोडून नव्याने मांडलेला रेगे, लावायचा. तिथल्या पोरांच्या कानात ते बसलं. पुढे ‘द स्लिट्स’ या पंक बँडचा १९७९ चा अल्बम ‘कट’ डेनिस बोव्हेल या रेगेतल्या माणसाने घडवला. या दोन जगांची सोयरीक ऐकवायला आमच्याकडे अर्धा तास पुरतो.

डबपाशी मात्र मी थांबतो, कारण माझा जीव तिथे आहे. किंग टबी, म्हणजे ऑस्बर्न रडक, मूळचा वीजयंत्रं दुरुस्त करणारा. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या घरातच त्याचा स्टुडिओ. तिथे वादक बोलवायची सोयच नव्हती. दुसरीकडे रेकॉर्ड झालेल्या चार ट्रॅकच्या टेप यायच्या आणि तो मिक्सर चालवायचा. आवाज खाली ओढायचा, बेस आणि ड्रम उघडे ठेवायचे, गिटारचा एखादा झटका एकोत, म्हणजे प्रतिध्वनीत, सोडून द्यायचा, फिल्टर फिरवून झांजेची धार पातळ करत न्यायची. ऑगस्टस पाब्लोच्या ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’मध्ये जेकब मिलरचा आवाज असा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि विरून जातो.

ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारी एक मुलगी टर्नटेबलचा बेल्ट बदलायला आली होती. ती तेवढ्यात हे ऐकत बसली.

“दादा, गाणारा गेला कुठे?”

“काढून टाकलाय. आता दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐक.”

ती बाजू संपेपर्यंत हलली नाही. नंतर म्हणाली, “सरावाला आम्हाला हेच सांगतात, हात थांबवायला शिका.” आज आमच्याकडची निम्मी डब गिऱ्हाइकं तिने आणलेली आहेत.

आमचं पोट भरतं ते सिनेमाच्या रेकॉर्डवर आणि दुरुस्तीवर: सुया, बेल्ट, मोटर, कार्ट्रिज बसवणं. त्या पैशावर अनोळखी बँडचा वरचा कप्पा चालतो. परदेशातून एकेक रेकॉर्ड मागवली तर टपाल आणि कस्टम मिळून किंमत हाताबाहेर जाते, म्हणून आम्ही नोंदी गोळा करून एकदम माल मागवतो. पुनर्मुद्रण घेताना लेबल बघून घेतो. मूळ कलाकारांना शोधून, हक्क रीतसर घेऊन काढलेलंच आम्हाला हवं असतं. शिकागोचा न्यूमेरो ग्रुप त्यासाठी आमच्या विश्वासाचा. त्यांच्या पहिल्याच संग्रहात ओहायोतल्या कोलंबस शहराच्या कॅपसोल या बुडालेल्या छोट्या लेबलची सोल गाणी होती. अमेरिकेत न खपलेल्या असल्याच सोलवर इंग्लंडच्या उत्तरेतली कामगार पोरं विगन कसिनोत १९७३ ते १९८१ रात्रभर नाचली. तिथले डीजे रेकॉर्डच्या मधल्या छापील गोलावर कागद चिकटवायचे, दुसऱ्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून. आमचं उलट आहे. जे वाजतंय त्याचं नाव, साल आणि गाव आम्ही फळ्यावर खडूने लिहितो. दुसऱ्या दुकानातून घेतलं तरी चालेल.

आता आमचं सगळं लक्ष आपल्याकडच्या बँडवर आहे. सिगारेट कंपनीच्या पैशावर झालेल्या शिमला बीट स्पर्धेतल्या देशभरच्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. आज त्यांच्या मूळ प्रती परदेशी संग्राहकांच्या कपाटात जास्त आहेत. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा आवाज जगाला नव्याने ऐकवला तो २०११ मध्ये एका अमेरिकन लेबलने. हे काम इथे व्हायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून त्या काळी मुंबई-पुण्यात वाजवलेल्या मंडळींना भेटून त्यांच्याकडच्या टेप, फोटो, हस्तपत्रकं नोंदवून ठेवायला आम्ही सुरुवात केली आहे.

तुमच्या घरी माळ्यावर अशा रेकॉर्ड असतील तर एकावर एक आडव्या रचू नका, वाकतात. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. ओल्या फडक्याने पुसू नका आणि फाटलं म्हणून कव्हर टाकून देऊ नका, कारण बँडमध्ये कोण कोण होतं ते बहुतेक वेळा त्याच्या मागच्याच बाजूला छापलेलं असतं. सोमवार सोडून रोज संध्याकाळी आम्ही दुकानात असतो. घेऊन या, विकायच्या नसल्या तरी.