आमची वाटचाल : कॅप्नोग्राफी दुरुस्तीत कसे आलो

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथे आम्ही सक्शन मशीन, ऑटोक्लेव्ह दुरुस्त करत होतो. कॅप्नोग्राफीत, म्हणजे पेशंटच्या सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून त्याचा ग्राफ दाखवणाऱ्या मशीनच्या कामात, ओढलं ते एका भूलतज्ज्ञ मॅडमनी. ‘सेन्सर गेला, मॉड्यूल बदला’ असं सांगून कुणीतरी त्यांच्या हातात भलंमोठं कोटेशन ठेवलं होतं. पेशंट ठीक, पण ओटीतल्या मशीनवरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा (मिमी पारा) 22-24च्या वर सरकेना. तो 35 ते 45 असायला हवा. श्वासातली हवा मशीनकडे नेणारी बारीक नळी म्हणजे सॅम्पलिंग लाइन; आम्ही तिचं टोक बोटाने दाबून धरलं. काही सेकंदांत मशीनने ‘लाइन ब्लॉक’ म्हणून ओरडायला हवं होतं. ते गप्पच. म्हणजे बोट आणि पंप यांच्या मध्ये कुठूनतरी बाहेरची हवा आत येत होती. वॉटर ट्रॅपला, म्हणजे श्वासातलं पाणी अडवणाऱ्या डबीला, बारीक चीर निघाली. ट्रॅप बदलला, आकडा जागेवर आला.

तेव्हाच ठरवलं, तपासणीची फी वेगळी घ्यायची, म्हणजे आमच्या पोरांना पार्ट विकायची घाई होणार नाही. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हे बरीच वर्षं ऐकलं. आता तीच हॉस्पिटलं एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) देतात.

ग्राफ श्वास घेताना शून्यावर येत नसेल, तर आम्ही झिरो कॅलिब्रेशनआधी, म्हणजे मशीनचं शून्य जुळवण्याआधी, सोडा लाइम (भूल मशीनमधले कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) बघतो. त्याच्या रंगावर जाऊ नका. संपलेला सोडा लाइम दिवसा जांभळा होतो आणि रात्रभर मशीन बंद राहिलं की सकाळी पुन्हा पांढरा दिसू शकतो.

मशीनचा आकडा जुळवायला वापरतात त्या 5 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या गॅसचंही असंच, ठरलेल्या आकड्यावर जाऊ नका. समुद्रसपाटीला तो 38 दाखवतो. मिरजेत हवेचा दाब कमी, म्हणून 36च्या आसपास. पाचगणीला तर जेमतेम 33. तिथे कुणी ओढूनताणून 38 करून ठेवलं, तर पुढचे सगळे आकडे खोटे.

नव्या पोराला मात्र आम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या आधी एक गोष्ट शिकवतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा ग्राफ अचानक सपाट झाला, तर मशीनला हात लावायचा नाही. डॉक्टरांना हाक मारायची. पेशंटच्या श्वासाची नळी निसटलेली असू शकते, अन्ननलिकेत गेलेली असू शकते. पेशंट बघून झाला, की लाइन काढून स्वतःच्या तोंडाशी धरायची. तुमच्या श्वासावर ग्राफ नीट उठला, तर मशीन चांगलं आहे.

मॉड्यूलच्या आतलं, इन्फ्रारेड किरणांनी कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या भागाचं काम आम्ही आजही करत नाही. ते कंपनीकडेच पाठवतो, आणि तसं बिलावर लिहितो.