मुलांचे अपचन: औषधाआधी निरीक्षण

पोट नेमके कुठे दुखते असे विचारले की बहुतेक लहान मुले बेंबीवर बोट ठेवतात, मग दुखण्याचे मूळ जठरात असो वा आतड्यात. त्यामुळे अपचन ओळखताना मुलाच्या सांगण्याइतकेच त्याच्या जेवणाकडेही लक्ष द्यावे, असे मला वाटते. चार घासांतच पोट भरणे, जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा जळजळणे, सारखे ढेकर, मळमळ, पोट फुगणे या तक्रारी वारंवार जेवणालगतच होत असतील, तर अपचनाची शंका घ्यावी. मात्र शौचाची चौकशी आधी करावी. मुलांच्या पोटदुखीमागे बरेचदा बद्धकोष्ठता असते आणि रोज शौचाला जाणाऱ्या मुलाचेही पोट पूर्ण साफ होत असेलच असे नाही.

माझा सर्वाधिक भर नोंदवहीवर आहे. ‘मंगळवार, सकाळी साडेसात, दूध प्यायल्यावर अर्ध्या तासाने, बेंबीच्या वर, दहा मिनिटे’ अशा नोंदी दोन आठवडे ठेवल्या, की दुखणे दुधानंतर येते, घाईच्या जेवणानंतर येते की केवळ शाळेच्या दिवशी, हे दिसू लागते. शाळेच्याच दिवशी दुखत असले तरी ते सोंग समजू नये. मनावरच्या ताणाने पोट खरोखरच दुखते. दुधाचा संशय आला तरी ते परस्पर कायमचे बंद न करता नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात.

उपाय साधेच आहेत. थोडे थोडे, सावकाश खाऊ द्यावे, नको म्हटल्यावर आग्रह करू नये (आजी-आजोबांना हे पटवणे सर्वांत अवघड!), फसफसणारी पेये टाळावीत आणि जेवल्या जेवल्या आडवे होऊ देऊ नये. स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून तळलेले पदार्थ रात्री नकोत. मोठ्यांची आम्लपित्ताची गोळी अर्धी करून देणे मला मुळीच मान्य नाही; मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, काळे किंवा रक्तमिश्रित शौच, घटणारे वजन, झोपेतून उठवणारी वेदना, आठ तास लघवी न होणे ही अपचनाची लक्षणे मानून घरी थांबू नये. बेंबीजवळचे दुखणे उजवीकडे खाली सरकून वाढत गेले, सोबत ताप आला किंवा पोट कडक लागले, तर अपेंडिक्सची शक्यता असते. तेव्हा पोट साफ करणारे औषध (रेचक) न देता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.