डिझेलच्या आधी ऑइल

टाटा 1210 एसई ट्रकची केबिन, चासी, वायरिंग सगळं उरकलं होतं. उरलं होतं ते नव्यानं बांधलेलं 692 इंजिन चालू करणं. सहा सिलिंडर, 92 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 120 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). क्रँक ग्राइंड केलेला, बेअरिंग, पिस्टन, रिंगा नव्या. असं इंजिन पहिल्या काही मिनिटांत कोरडं फिरलं, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, थंड इंजिनवर लावलेले होते: इनलेट 0.20, एक्झॉस्ट 0.30 मिमी. 15डब्ल्यू-40 ऑइल भरलं. रेडिएटरमध्ये पाणी मात्र सावकाश ओतलं, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते. मग स्टॉप केबल ओढून बांधली, म्हणजे पंप डिझेल देणार नाही, आणि सेल्फ (स्टार्टर) मारला. दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलला नाही.

‘चालू झालं की येईल प्रेशर’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नये. आम्ही आधी गेज तपासलं. ब्लॉकवरचा गेजच्या पाइपचा नट सोडून सेल्फ मारला, तर थेंबही नाही. म्हणजे गेज खरं बोलत होतं, ऑइल पंपच कोरडा होता. बांधलेलं इंजिन बरेच महिने स्टँडवर पडून राहिलं की पंपातलं ऑइल निथळून जातं. गिअर आणि बॉडीमधली बारीक फट ऑइलनंच बंद होत असते. ते नसलं की गिअर नुसती हवा घुसळतात.

त्याच भोकातून हाताच्या ऑइल गननं गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, ऑइल दाबत गेलो. टॅपेट कव्हर काढून ठेवलं होतं आणि एक जण क्रँक हळूहळू फिरवत होता, म्हणजे क्रँकची भोकं गॅलरीसमोर येत राहतात. अखेर रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याच्या) कडेनं ऑइल पाझरू लागलं. पाइप जोडून पुन्हा सेल्फ मारला आणि काटा सरळ वर चढला. बाराही व्हॉल्व्हपाशी ऑइल दिसलं, तेव्हा कुठे डिझेलकडे वळलो.

डिझेलच्या लाइनमधली एअर काढताना क्रम पाळायचा: फीड पंपाचा हातपंप मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग डिझेल पंपाचा, शेवटी नोझलकडचे नट. बुडबुडे थांबले की लगेच आवळायचे. एअर क्लीनर काढला आणि एका माणसाला सपाट फळी देऊन इनटेकपाशी उभं केलं. डिझेल पंपाचा रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी) अडकला तर इंजिन बेफाम पळतं, स्टॉप केबलही ऐकत नाही. मग हवा तोडणं हाच उपाय. फडकं नको, ते आत ओढलं जातं.

इंजिन लागलं, पण पांढरा धूर आणि मिसिंग. एकेक नोझलचा नट क्षणभर सैल केला. चौथ्याला आवाजात काहीच फरक पडेना, म्हणजे तोच मेलेला. त्याच्या पाइपात हवा राहिली होती. पुन्हा काढल्यावर इंजिन एकसुरात फिरलं.

स्लोवर ठेवलं नाही. रिंगा बसायला रेस लागते, म्हणून 1000 ते 1200 आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवलं. लक्ष काट्यावर, पाण्यावर आणि गळतीवर. थंड झाल्यावर ऑइल पुन्हा मोजलं, हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं क्रमानं आवळले आणि टॅपेट परत लावले, कारण गास्केट दबली की गॅप कमी होते.