वाचलंस कुठं, ते लिही

एम.ए.ची प्रोजेक्टं तपासायला आली की मी हल्ली शेवटचं पान आधी उघडते. प्रस्तावना सगळ्यांची सारखीच असते, "सदर संशोधन प्रकल्पात" पासून सुरू, पण संदर्भसूची बघितली की कोण किती पाण्यात आहे ते लगेच कळतं. आणि तिथं काय असतं, तर १) गुगल २) विकिपीडिया ३) इंटरनेट ४) विविध वर्तमानपत्रे. विविध वर्तमानपत्रे! अरे कुठलं, कधीचं, बातमी होती, अग्रलेख होता का वाचकांचा पत्रव्यवहार?

हे आळशी पोरांचं झालं, त्यांच्याशी माझं फार भांडण नाही, ती निदान खोटं तरी बोलत नाहीत. खरी डोकेदुखी हुशार पोरांची. त्यांची सूची चार पानं, नावं एकेक भारदस्त, आणि त्यातलं एकही पुस्तक हातात घेतलेलं नसतं.

मेकॉलेचंच घ्या. इतिहासाच्या प्रोजेक्टात शिक्षण हा विषय आला की मेकॉले येणारच, आणि मेकॉले आला की ते वाक्य येणारच. मी हिंदुस्थानभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर यांची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे, वगैरे. खाली संदर्भ: लॉर्ड मेकॉले, ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषण, २ फेब्रुवारी १८३५. दिसायला एकदम झकास, नाव आहे, जागा आहे, तारीख आहे. फक्त त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच हो. तो १८३४ मध्येच इकडे आलेला, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलवर, आणि १८३८ पर्यंत इकडेच होता. लॉर्ड तर तो १८५७ मध्ये झाला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आहे त्याच्या शिक्षणावरच्या टिपणाची, ज्याला आपण मेकॉलेचा मिनिट म्हणतो, आणि त्या टिपणात हे वाक्य कुठंच नाही. आख्खं टिपण नेटवर फुकट आहे, एका बैठकीत वाचून होतं.

आणि गंमत म्हणजे मेकॉलेला झोडपायचंच असेल तर खऱ्या टिपणात हवा तेवढा माल आहे. चांगल्या युरोपियन लायब्ररीतलं पुस्तकांचं एक फळकुट भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे हे तो म्हणतो, आणि हे म्हणायच्या जरा आधीच स्वतः सांगतो की मला संस्कृतही येत नाही आणि अरबीही येत नाही. रक्तानं भारतीय पण आवडीनं, मतांनी इंग्रज असा वर्ग तयार करायचा हेसुद्धा तिथंच आहे. एवढं सगळं समोर असताना व्हॉट्सॲपवरचं वाक्य कशाला उचलायचं? तर मूळ टिपण कोणी उघडतच नाही म्हणून. ज्या पुस्तकात किंवा फॉरवर्डमध्ये वाचलं तिथं "पार्लमेंटमधील भाषण" असं होतं, आपण तेच खाली उतरवलं.

दुसरा प्रकार राजवाड्यांचा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड आहेत, पहिला १८९८ चा, आणि त्यातल्या कागदांचा संदर्भ खंड आणि लेखांक, म्हणजे त्या कागदाचा क्रमांक, असा देतात. आता प्रोजेक्टात तळटीप असते, राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक. मी तोंडी परीक्षेला विचारते, खंड कुठं बघितलास रे? मग मान खाली. "मॅडम, एका पुस्तकात तळटीप होती, तीच घेतली." अरे मग त्या पुस्तकाचं नाव लिही ना! राजवाड्यांचा लेखांक अमुक, आणि पुढं "अमक्यांच्या पुस्तकात उद्धृत, पृष्ठ तमुक". यात कमीपणा काय आहे? त्या लेखकानं लेखांक चुकीचा टाकला असेल किंवा प्रेसमध्ये आकडा फिरला असेल तर ती चूक त्याच्या नावावर राहील, तुझ्या नाही. तत्रैव (म्हणजे वरच्या तळटीपेतल्याच पुस्तकात), उपरोक्त, असले शब्द मात्र सगळ्यांना पाठ असतात, भले वरची तळटीप नंतर कापून टाकल्यामुळे "तत्रैव" भलत्याच पुस्तकाला चिकटलेलं असेना का.

मग येतं ते १० टक्के, म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाशी सॉफ्टवेअरनं मोजलेलं साम्य. मॅडम १० टक्के चालतं ना? हे कोणी डोक्यात भरवलंय देव जाणे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० ला सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर परत देता येत नाही, ६० च्या वर थेट रजिस्ट्रेशन रद्द. पण याचा अर्थ १० टक्के चोरायला मुभा आहे असा नाही होत! नीट संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर तर त्या मोजणीत धरतच नाहीत, म्हणजे ज्याला घ्यायचंय त्याला सरळ रस्ता उघडाच आहे. आणि खरी मजा पुढं आहे, असाइनमेंट, निबंध, कोर्सवर्क हे सगळं त्या नियमांच्या व्याख्येतच बसत नाही, तिथं ते सरळ वगळलंय. तेव्हा तुमच्या १० पानी निबंधाला तो १० टक्क्यांचा आकडा लागूच नाही, तिथं तुम्ही आणि तुमच्या मॅडम.

बरं सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मराठीत लिहिणाऱ्यांनी एक शॉर्टकट शोधलाय, इंग्रजी लेख घ्यायचा, ट्रान्सलेटमध्ये टाकायचा, आलेलं मराठी जरा घासूनपुसून लावायचं, साम्य निघतं नगण्य आणि पोरगं रिपोर्ट दाखवून खूश. पण कल्पना, क्रम, उदाहरणं सगळी दुसऱ्याची, भाषा बदलली म्हणून माल तुझा झाला का? आणि ओळखू येतं रे, "या प्रकाशात आपण पाहू शकतो की" असं कुठला मराठी माणूस लिहितो. आता त्यात एआयची भर. एका सूचीत लेखकाचं नाव खरं, प्रकाशन खरं, पुस्तकच अस्तित्वात नाही. मी बिचारी लायब्ररीचा कॅटलॉग पालथा घालत बसले.

संदर्भ लिहायच्या फॉरमॅटवरून मी डोकं खात नाही. एपीए करा, एमएलए करा, मराठी पद्धतीनं आडनाव आधी घ्या, एकच काहीतरी शेवटपर्यंत धरा म्हणजे झालं, आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे ते शिकून घ्या. आवृत्ती मात्र सोडायची नाही. तुकोबांच्या गाथेतला अभंग नंबर एका प्रतीत एक, दुसऱ्या प्रतीत वेगळा, तिथं नुसता "अभंग क्र." लिहून समोरच्यानं शोधायचं कुठं? ज्ञानेश्वरी असेल तर अध्याय आणि ओवी द्या, पान नंबरापेक्षा ते कधीही बरं, पण प्रत कुठली तेही सांगा. जुन्या पुस्तकावर नुसतं शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन लिहा, शके १८२० म्हणजे १८९८. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून शकही सोबत ठेवा.

यंदा तोंडीला मी नवीन प्रकार करणारे. सूचीतलं कुठलंही एक नाव मी निवडणार, आणि ते पुस्तक किंवा त्या पानाचा फोटो घेऊन यायचं. वर्गात सांगितल्यावर दोन मिनिटं शांतता, मग मागून एकानं विचारलं, मॅडम सूची बदलून द्यायला मुदत कधीपर्यंत आहे? शुक्रवारपर्यंत, म्हटलं.