पाचवीला कुठली शाळा?

लेकीची चौथी संपत आली आणि घरात रोज रात्री एकच विषय. सासूबाई पुण्याच्या हुजूरपागेत, म्हणजे मुलींच्या जुन्या शाळेत शिकलेल्या, त्यामुळे त्यांचं मत फिक्स, "१८८४ ची शाळा आहे, त्यात बघायचं काय!" (पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती तिथे, हे आमच्या कन्येला कळल्यापासून तिलाही तीच हवीये, कारण घोडे.) मला मात्र शनिवार पेठेतली अहिल्यादेवी शाळा जवळ पडते, हुजूरपागेला जाताना लक्ष्मी रोडच्या गर्दीत रोज व्हॅन अडकणार त्याचं काय.

सेमी इंग्लिश दोन्हीकडे विचारलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठी, ते आम्हाला हवंच होतं. पण मी खरी बघत होते ते बाथरूम! हसू नका, एका तिसऱ्याच शाळेत (नाव नाही सांगत) कडीच नव्हती दाराला, आणि दोन वर्षांत मुलींची पाळी सुरू होणार, तेव्हा दिवसभर पाणी न पिता बसायचं का त्यांनी? तिथल्या बाई म्हणाल्या, "निकाल बघा ना आमचा." बघितला, चांगलाय. तरी ती शाळा यादीतून कटाप.

आता उरल्या दोन. शनिवारी लेकीलाच घेऊन जातेय, मैदान बघायला.