बाय अजून रांगत नाही

गुरुवार, रात्री

माझ्या लेकीला, बायला, दहा महिने पूर्ण झाले. हात न टेकता बसते, वाटीवर चमचा आपटते, बाबाची गाडी दारात थांबली की आवाजाच्या दिशेनं मान वळवते. रांगत मात्र नाही. पालथी घातली की थोडा वेळ मान वर करून बघते, मग गाल जमिनीला टेकवून रडायला लागते. बसवली की खूश. आणि बसल्या जागेवरूनच, एक हात जमिनीला लावून, बुड घासत माजघरातून थेट स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत जाते.

घरात येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं. शेजारच्या काकींनी आजही विचारलं, "अजून रांगना गो?" त्यांच्या मनात काही वाईट नसतं. बाळंतपणात मला पेज आणि कुळथाचं सार त्यांनीच पाठवलं होतं. पण त्यांच्या नातवानं आठव्या महिन्यात घर कसं डोक्यावर घेतलं होतं हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, "मुलं आपापल्या वेळेनं करतात गं सगळं. तुझा नवरासुद्धा असाच बुड घासत फिरायचा, चड्ड्या फाटायच्या त्याच्या." माझी आई फोनवर म्हणते, "काही असो, एकदा दाखवून ये." दोघींचंही पटतं, आणि मी मध्ये लटकते.

इथं गोव्यात, डिचोलीला, चार दिवस पाऊस थांबलेला नाही. कपडे वाळत नाहीत, दुपटी आतल्या दोरीवर लोंबताहेत.

शुक्रवार

बाय झोपल्यावर आज कपाटातून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. आजवर त्यातलं लसींचं पान तेवढं उघडलं होतं. त्याच कार्डात चित्रं आहेत: मान धरणारं बाळ, बसणारं बाळ, धरून उभं राहणारं बाळ. कोणत्या वयात काय करायला हवं आणि काय करत नसेल तर दाखवायला न्यावं, तेही दिलं आहे. अंगणवाडीच्या ताईंनी हे पान उलगडून सांगितलं तर किती आयांचा जीव भांड्यात पडेल, आणि किती जणी वेळेत उठून जातील.

मग आकडे शोधले. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवून २००६ साली ते प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक मूल आठ महिन्यांचं होताच पाऊल टाकतं, दुसरं दीड वर्षाच्या जवळ जाऊन टाकतं, आणि दोघंही धडधाकट असतात. त्या मुलांपैकी ४.३ टक्के तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेतल्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये कोणत्या वयात बाळाला काय यावं ह्याची आपली यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. त्यावर तिथल्या थेरपिस्ट मंडळींनी नाराजीही दाखवली, आणि मला ती नाराजी पटते. रांगताना खांदे, मनगटं, पाठ सगळ्यांना काम मिळतं. यादीत नाही म्हणून ते सोडून द्यावं असं नाही.

आणि एक गोष्ट, जी आमच्याकडे येणाऱ्या कुणालाच सांगून पटत नाही. बाय चौतिसाव्या आठवड्यात झाली, सहा आठवडे आधी. अशा बाळाचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे असतात, साधारण दोन वर्षांची होईपर्यंत. तिचे दहा महिने म्हणजे हालचालींच्या हिशेबात साडेआठ. काकींच्या नातवाशी तुलना करायचीच तर निदान ह्या वयानं करावी.

हे वाचून बरं वाटलं, पण पुरेसं बरं वाटलं नाही. कारण आकड्यांच्या खिडकीत मूल बसतं की नाही एवढंच बघून चालत नाही. हालचाल कशी आहे तेही बघावं लागतं. चार महिने उलटून गेल्यावरही मान धरत नाही, मुठी सतत आवळलेल्याच राहतात, अंग कापसाच्या बाहुलीसारखं लुळं पडतं किंवा उलट ताठ राहतं, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसरा बाजूला पडलेला असतो, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षानंतरही चालत नाही. ह्यातलं काहीही दिसलं तर "होईल हळूहळू" म्हणून बसू नये. आणि येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं, काल बसत होतं ते आज बसत नाही असं झालं, तर वय कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाय चमचा डाव्या हातातून उजव्यात घेते, पुन्हा डाव्यात. आज मुद्दाम बसून बघितलं. दोन्ही हात सारखे चालतात.

तरी सोमवारची वेळ घेतली.

सोमवार, संध्याकाळ

म्हापशाला जाऊन आलो. सासूबाई "मी पण येते" म्हणाल्या, आणि आल्या ते फार बरं झालं.

डॉक्टरांनी आधी तिला काहीच केलं नाही. गादीवर बसवली, समोर एक लाकडी ठोकळा ठेवला आणि आमच्याशी बोलत राहिले. बोलता बोलता डोळा तिच्यावर. ती ठोकळ्याकडे कशी वळते, कुठला हात पुढे करते, कलंडली तर हात टेकते का, हे ते बघत होते ते मला नंतर कळलं. मग डोक्याचा घेर मोजला. पाठीवर निजवून दोन्ही हातांना धरून हळूच उठवली. मान मागे पडली नाही. मांड्या दोन्हीकडे सारख्या उघडतात का, ते खुब्यांसाठी. शेवटी तिला कमरेला धरून उचललं आणि डोकं खाली करून एकदम गादीकडे झुकवलं. माझा श्वास अडकला. बायनं दोन्ही हात झपकन पुढे टाकले, दहाही बोटं फाकवून, पडणार असू तर आपणच अडवू अशी. "हे दोन्ही हात एकाच वेळी आले, मला हेच बघायचं होतं," डॉक्टर म्हणाले. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास बाळात ही प्रतिक्रिया येते, म्हणाले, आणि एकाच बाजूचा हात आला असता तर पुढचा विचार करावा लागला असता.

तिच्या पायाचे स्नायू जरा सैल आहेत, असं त्यांचं मत. चिंता करण्याइतकं नाही, दुर्लक्ष करण्याइतकंही नाही. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड तपासलं होतं तो कागद त्यांनी मागून घेतला आणि बघितला. आयर्नचे आणि व्हिटॅमिन डीचे थेंब नियमित चालू आहेत का ते दोनदा विचारलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळात लोह कमी पडतं आणि त्यानंही मूल मंद, थकलेलं दिसतं.

मग सासूबाई बोलल्या. मुलगा बुड घासत फिरायचा, चालला तोही दीड वर्ष उलटून गेल्यावर. मला वाटलं, डॉक्टर हसून सोडून देतील. त्यांनी पेन उचलून ते फाईलमध्ये लिहून घेतलं. बसून सरकणं कित्येकदा घराण्यात असतं, आणि अशी मुलं चालायलाही बहुधा उशीर करतात, म्हणून ही माहिती उपयोगाची, असं म्हणाले. सासूबाई परत येताना गाडीत किती तरी वेळ त्याबद्दलच बोलत होत्या. इतके दिवस त्यांचं बोलणं मला थांबवण्यासाठी आहे असं मला वाटायचं. ते सांगायची योग्य जागा दवाखाना होती, आणि आज ते तिथं पोहोचलं. ज्या घरांत सासू म्हणते थांबा आणि सून म्हणते दाखवू, तिथं दोघींनी एकत्र जावं, असं मला आता मनापासून वाटतं.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी खेळ दाखवले. आडव्या पसरलेल्या माझ्या मांडीवरून तिला पालथी ओणवं धरायचं, हात एका बाजूला जमिनीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला. छातीखाली टॉवेलची गुंडाळी. आवडीची वस्तू समोर न ठेवता बाजूला, जरा लांब, म्हणजे तिला कमरेतून वळावं लागेल. पायात मोजे नकोत. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी पाय सटकतो आणि पाय रोवायचा कसा हे मुलाला कळत नाही. आमच्या जुन्या घरातली लाल जमीन पावसाळ्यात गार पडते म्हणून मी तिला मोजे घालत होते. आता खाली जाड गोधडी आणि पाय उघडे.

मंगळवार

नणंदबाईंचा फोन. वॉकर घेतला आहे, येताना आणते म्हणाल्या, "त्यात बसवलीस की चार दिवसांत पळेल." मी काल ताईंना हेच विचारलं होतं, त्यामुळे शांतपणे सांगता आलं. वॉकरमध्ये मूल चवड्यांवर ढकलतं, तोल सांभाळायचं काम ती चाकं करतात, स्वतःचे पाय त्याला दिसतही नाहीत. चालणं त्यानं लवकर येत नाही. वर आमच्या सोप्याला उतरत्या पायऱ्या. कॅनडानं तर २००४ पासून वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. त्यांना पटलं असं नाही म्हणणार, पण "मग काय आणू?" असं विचारलं, ते मला खूप आवडलं. सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा आणा म्हटलं. तो धरून उभं राहणाऱ्या मुलासाठी असतो, मूल आपल्या पायांवर असतं आणि गाडा पुढे ढकलतं. आत्ता नको, ती धरून उभी राहायला लागली की.

दुपारी गोधडीवर डब्याचं झाकण तिच्या उजवीकडे, मागच्या बाजूला ठेवलं. बुडावर सरकायला निघाली, जमलं नाही. मग डावा तळवा जमिनीला टेकवला, त्यावर भार दिला, कंबर वळली, एक गुडघा खाली आला, आणि क्षणभर ती तीन टेकूंवर होती. झाकण हाती लागताच पुन्हा बसली. ते अर्धवट वळण ताईंना दाखवायला फोनमध्ये घेतलं आहे.

पुढची तपासणी दोन महिन्यांनी, म्हणजे गणपतीच्या चवथीनंतर. चवथीला घर भरतं, बाय दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असणार, आणि प्रेमानं घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधतात त्या खोलीच्या शेजारची खोली रिकामी ठेवायची, खाली गोधडी घालायची, आणि ज्याला बाय हवी त्यानं तिथं तिच्याबरोबर जमिनीवर बसायचं, असं सासूबाईंनी आजच सगळ्यांना फोनवर सांगायला सुरुवात केली आहे.