एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन बंध) गेलं की नाही, ते पावसाळ्यात कसं सांगायचं?

बारावीला अंड्याच्या पांढऱ्यात कॉस्टिक सोडा घालायचा, वर मोरचुदाचे दोन थेंब, जांभळा रंग आला की जर्नलमध्ये 'प्रोटीन आहे' लिहून मोकळं व्हायचं. रंग का येतो ते सरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता एमएस्सीच्या प्रोजेक्टला कार्बॉक्सामाइड लिगँड (अमाइड गट असलेला, धातूला धरून ठेवणारा रेणू) वाट्याला आला तेव्हा कळलं की अरे हे तेच! अमाइडचा नायट्रोजन एरवी धातूला दाद देत नाही, कारण त्याची इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधात) गुंतलेली असते, पण त्याच्यावरचा हायड्रोजन काढला की तोच नायट्रोजन धातूला असा धरतो की सोडायचं नाव नाही. प्रोटीनमध्येही असेच अमाइड असतात, कॉस्टिक सोड्यात ते मोरचुदातलं तांबं धरतात, म्हणून तो जांभळा. रसायनशास्त्रज्ञ टेरी कॉलिन्स यांचे लोखंडाचे टॅम्ल कॅटॅलिस्ट (अमाइड नायट्रोजनांच्या कड्यात धरलेलं लोखंड) ह्याच पकडीवर चालतात, लोखंड वरच्या ऑक्सिडेशन स्टेटला जाऊनसुद्धा टिकतं.

रेसिपी सोपी. पिकोलिनिक अ‍ॅसिड दोन भाग, ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन एक भाग (बाटलीत काळं पडलेलं असेल तर आधी शुद्ध करा, मी आळस केला आणि भोगलं), पिरिडीनमध्ये ट्रायफिनाइल फॉस्फाइट टाकून शंभरेक अंशावर चार तास. पिरिडीनच्या वासाबद्दल काय बोलू, कदंब बसमधून फोंड्याला घरी पोचलो तर आई दारातच म्हणाली, "खारं नुस्तं (खारवलेली सुकी मासळी) घेऊन आलास की काय रे?"

लिगँड पांढरा मिळाला. त्यात निकेल अ‍ॅसिटेट घातलं, अ‍ॅसिटेटच बेसचं काम करतो म्हणजे अमाइडचा हायड्रोजन काढून घेतो, आणि केशरी पावडर खाली बसली. चार नायट्रोजन, मधे निकेल, सगळं एका पातळीत. आता सिद्ध काय करायचं, तर एन-एच गेलं. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) 3300 सेमी⁻¹ च्या आसपासचा पीक गायब दिसला पाहिजे. पण जुलै महिना, गोव्याची हवा, नमुना ज्यात मिसळून पेलेट (चकती) दाबतात ते केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) इतकं पाणी ओढतं की नेमकं 3400 ला मोठं टेंगूळ, आणि त्याच्याखाली पीक आहे की गेला हे देवालाच ठाऊक. ओव्हनमध्ये वाळवलं, गरम असतानाच पेलेट दाबली, टेंगूळ तिथंच.

मग कार्बोनिल बघितला, तो 1670 वरून 1630 च्या आसपास उतरला होता, म्हणजे धातू अमाइडला जोडला गेलाय इतपत धीर आला. खरी खात्री एनएमआरने (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या स्पेक्ट्रमने) झाली. चौकोनी सपाट निकेल डायमॅग्नेटिक (सुटा इलेक्ट्रॉन नसलेलं), त्यामुळे पीक एकदम स्वच्छ आणि दहा पीपीएमच्या पुढचा एन-एचवाला सिंगलेट (एकेरी पीक) साफ नाहीसा! मी खुर्चीतून उठून दोन मिनिटं नुसता फेऱ्या मारल्या.

तांब्याचं मात्र तसं होत नाही, एक सुटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे एनएमआरचे पीक पसरून जातात. म्हणून तांबेवाली बाटली डेसिकेटरमध्ये (कोरड्या हवेच्या बंद भांड्यात) ठेवलीय, आयआर ऑक्टोबरात. सकाळी बघितलं तर आतली निळी सिलिका जेल परत गुलाबी झालेली. तीही कोबाल्टवाली, म्हणजे पाणी पकडून रंग बदलणारं कॉम्प्लेक्सच की.